पाय टेकत नाहीत? बाइकची सीट खाली आणण्याचा योग्य क्रम

मनात भरलेली बाइक उंच वाटते म्हणून सोडून देणारे बरेच आहेत. आणि घेतल्या घेतल्या ती थेट गॅरेजमध्ये नेऊन मागून दोन इंच खाली दाबून आणणारेही आहेत. या दुसऱ्या मंडळींची मला जास्त काळजी वाटते. सीट खाली आणण्याचे मार्ग अनेक आहेत, पण ते कोणत्या क्रमाने वापरायचे हे ठरलेलं असावं. आधी मोजायचं, मग जे बदल सहज परत फिरवता येतात ते करायचे, मग फोम, आणि सस्पेन्शनच्या सांगाड्याला सगळ्यात शेवटी हात लावायचा. या क्रमाने गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं काम फोमवरच भागतं.

आधी मोजमाप

माहितीपत्रकात दिलेली सीटची उंची सहसा रिकाम्या बाइकची असते, तुम्ही बसल्यानंतरची नव्हे. शिवाय ती सीटच्या सर्वांत खोलगट जागेपासून जमिनीपर्यंत सरळ खाली मोजलेली असते. तुमचे पाय सरळ खाली जात नाहीत, सीटच्या रुंदीला वळसा घालून जातात. म्हणून ८०० मिमीची रुंद सीट ८२० मिमीच्या निमुळत्या सीटपेक्षा उंच वाटू शकते. बीएमडब्ल्यूसारखे उत्पादक एका पावलापासून सीटवरून दुसऱ्या पावलापर्यंतच्या कमानीचं मापही देतात. तुलना करायला ते जास्त उपयोगाचं असतं.

स्वतःच्या पायाची आतली लांबी अशी मोजा: मोजे घालून भिंतीला पाठ टेकून उभे राहा, एक जाड पुस्तक जांघेत घट्ट वर दाबून आडवं धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. मग नेहमीचे रायडिंग बूट घालून, बाइकवर बसून, दुसऱ्या कुणाला तरी टाचेखालची पोकळी मोजायला सांगा. बाइक सरळ उभी असावी आणि समोर धरायला एक जण असावा. एकदा दोन्ही पाय खाली सोडून मोजा, एकदा फक्त डावा पाय टेकवून.

हा आकडा लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यावर ठरतं. दोन्ही तळवे पूर्ण टेकलेच पाहिजेत ही अट मनातून काढून टाका. दोन्ही चवडे नीट टेकत असतील, किंवा एका बाजूला थोडं सरकून एक पाऊल टाचेसह टेकत असेल, तर तेवढं पुरतं. थांबताना उजवा पाय मागच्या ब्रेकवर आणि डावा जमिनीवर, ही पद्धत उंच माणसंही वापरतात. फक्त अंगठ्याची टोकं टेकत असतील, तर मात्र काहीतरी करायलाच हवं, कारण बाइक जराशी कलली की तिला सावरण्याएवढं बळ टोकांवर येत नाही.

बुटांचा तळ

सर्वांत सोपा बदल. जाड तळाच्या बुटांनी २० ते ३० मिमी सहज मिळतात, आणि बाइकला काहीच होत नाही. दोन गोष्टी बघा. तळ ताठ असला तरी घोट्याजवळ बूट वाकला पाहिजे, नाहीतर चवड्यावर भार देता येत नाही. आणि जाड बूट गिअरच्या लिव्हरखाली शिरत नसेल तर लिव्हर थोडी वर करून घ्या. तशी सोय बहुतेक बाइकमध्ये असते.

प्रीलोड आणि तुमचं वजन

या टप्प्यावर जरा थांबावं असं मला वाटतं, कारण इथे बाइक खाली येते आणि चालायलाही सुधारते, असं दुहेरी फळ मिळण्याची शक्यता असते.

तुम्ही बसता तेव्हा मागचं सस्पेन्शन थोडं दबतं. रस्त्यावरच्या साधारण बाइकमध्ये ते ३० ते ४० मिमी दबावं अशी अपेक्षा असते. लांब सस्पेन्शनच्या अ‍ॅडव्हेंचर बाइकमध्ये याहून जास्त, एकूण हालचालीच्या साधारण तिसरा हिस्सा. कारखान्यातून आलेली स्प्रिंग मध्यम किंवा जड वजनाचा चालक, कधी मागे बसणारा आणि सामान, हे सगळं धरून बसवलेली असते. कमी उंचीचा माणूस बऱ्याचदा हलकाही असतो. त्याच्याखाली ती स्प्रिंग जेमतेम दबते. बाइक उंच राहते आणि खड्ड्यात पाठीला दणकेही बसतात.

मोजायचं असं: मागचं चाक जमिनीपासून अधांतरी येईल असं बाइकला स्टँडवर घ्या. चाकाच्या एक्सलच्या मध्यापासून बरोबर वरच्या बाजूला, मागच्या पॅनेलवर चिकटपट्टी लावून एक खूण करा आणि अंतर घ्या. मग बाइक चाकांवर उतरवा, पूर्ण पोशाखात त्यावर बसा, पाय फूटरेस्टवर ठेवा. एकाने बाइक धरावी, दुसऱ्याने तेच अंतर पुन्हा घ्यावं. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या वजनाने झालेला दाब.

तो २० मिमी भरला तर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीपासून दिलेला दाब, कमी करा. शॉकअबच्या बुडाशी किंवा माथ्याशी पायऱ्यांची किंवा आट्यांची रिंग असते, ती टूलकिटमधल्या हुकासारख्या पान्याने फिरते. दोन शॉकअब असतील तर दोन्ही बाजूंना अगदी सारखी पायरी ठेवा. प्रीलोड कमी केल्याने स्प्रिंग मऊ होत नाही, ती फक्त आधीपासून कमी दाबलेली राहते. त्यामुळे बाइक खाली बसते. यातून १० मिमीच्या आसपास, कधी थोडं जास्त मिळतं.

पण रस्त्यावरच्या साधारण बाइकमध्ये फरक आधीच ४० मिमी असेल, तर प्रीलोडला हात लावू नका. तिथून आणखी सैल केलं की खड्ड्यात सस्पेन्शन तळाला आदळू लागेल.

आणि प्रीलोड सगळा काढूनही बाइक तुमच्या वजनाने पुरेशी दबत नसेल, तर स्प्रिंगच तुमच्यासाठी कडक आहे. वजनाला साजेशी मऊ स्प्रिंग बसवून घेणं हा त्यावरचा खरा इलाज. सीट खाली येते, रस्ता जास्त सुखाचा होतो आणि चाक जमिनीला अधिक चांगलं धरून राहतं. हलक्या चालकांना हा मार्ग फार क्वचित कुणी सुचवतं, याचं मला वाईट वाटतं. मागे कुणाला बसवायचं असेल त्या दिवशी प्रीलोड पुन्हा वाढवायचा, एवढं लक्षात ठेवा.

सीटचा फोम

इथपर्यंत येऊनही पोकळी उरली असेल तर सीटकडे वळा. आधी चौकशी करा: तुमच्या मॉडेलसाठी कंपनीची कमी उंचीची सीट मिळते का, किंवा आहे तीच सीट खालच्या खाचेत बसवता येते का? बऱ्याच टूरिंग आणि अ‍ॅडव्हेंचर बाइकमध्ये अशी सोय असते आणि मालकाला ती ठाऊकही नसते. मॅन्युअल उघडून बघा.

ती सोय नसेल तर फोम कमी करायचा. शक्य असेल तर यासाठी जुनी, दुसरी सीट मिळवा आणि मूळ सीट जपून ठेवा. कापलेला फोम परत वाढत नाही.

सीट काढा आणि उलटी करा. खालच्या प्लॅस्टिकच्या बुडाला कव्हर पिनांनी ठोकलेलं असतं. चपट्या स्क्रूड्रायव्हरने एकेक पिन उचका आणि पक्कडीने ओढून काढा. कव्हर फाडू नका, तेच पुन्हा लावता येईल. मग नुसत्या फोमची सीट बाइकवर चढवून बसा आणि मांड्या जिथे घासतात तिथे दोन्ही बाजूंनी मार्करने रेघ मारा.

बहुतेक जण फोम वरून कापतात. मी म्हणेन, आधी कडेने कापा. सीटचा पुढचा भाग, टाकीला लागून, जिथून मांड्या खाली उतरतात, तो निमुळता केला की पाय सरळ खाली येतात आणि बसण्याच्या जागेची जाडी शाबूत राहते. दोन्ही कडांचे कोपरे गोलाकार उतरवून पुन्हा बसून बघा. बरेचदा एवढ्यानेच टाच जमिनीजवळ येते.

त्यानंतर गरज असेल तरच वरून काढा, एका वेळी १० मिमीपेक्षा जास्त नाही. लांब, धारदार, दातेरी सुरी चालते, विजेवर चालणारी असेल तर काप सरळ येतो. शेवटी जाड पॉलिश पेपरने घासून पृष्ठभाग सारखा करा. नाकातोंडाला मास्क बांधा, फोमची भुकटी फुप्फुसात जाणं चांगलं नाही. मधोमध खड्डा करू नका. खड्ड्यात माणूस एकाच जागी अडकतो आणि लांबच्या प्रवासात तिथेच दुखायला लागतं. उतार पुढे टाकीकडेही नको, ब्रेक लावताना अंग सारखं पुढे घसरतं.

बसण्याच्या जागेवर निदान ४० ते ५० मिमी फोम उरला पाहिजे. त्याहून पातळ झाला तर तुम्ही फोमवर नाही, प्लॅस्टिकवर बसलेले असाल. पातळ सीटला मऊ फोम उपयोगी नाही, तो लगेच चपटा होतो. वरचा थर काढून तिथे घट्ट, जास्त घनतेचा फोम चिकटवणं चांगलं. हे काम सीट शिवणाऱ्या चांगल्या कारागिराकडून करून घेतलं तर उत्तम, पण त्याच्याकडे जाताना तुमच्या खुणा केलेला फोम घेऊन जा आणि अर्धवट कामावर एकदा बसून बघण्याचा आग्रह धरा.

कव्हर लावण्याआधी फोमवर पातळ प्लॅस्टिकचा कागद अंथरा, म्हणजे शिवणीतून आलेलं पाणी फोम शोषणार नाही. कव्हर आधी पुढे आणि मागे मधोमध पिन मारून ताणा, मग बाजू घ्या. पिन बुडाच्या जाडीपेक्षा लांब नको, नाहीतर ती आरपार जाईल. सीटखालची रबरी बुचं काढून उंची कमी करू नका. सीटचा भार फ्रेमवर नीट पडावा म्हणून ती असतात.

एक फरक ध्यानात घ्या. फोम कमी केला की सीट आणि फूटरेस्टमधलं अंतर घटतं आणि गुडघे जास्त दुमडतात. सस्पेन्शन खाली केलं तर तसं होत नाही. पाय आखूड असणाऱ्यांना सहसा याचा त्रास होत नाही, तरी गुडघ्याचं दुखणं असेल तर विचार करा.

सस्पेन्शन खाली करणं

आता अवघड भाग. इथे काढलेल्या प्रत्येक मिलिमीटरचा हिशेब दुसरीकडे द्यावा लागतो.

पहिली गोष्ट: मागून जेवढं खाली कराल तेवढी सीट खाली येत नाही. तुम्ही दोन चाकांच्या मध्ये बसता, पुढच्या चाकापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर. मागचा भाग ३० मिमी खाली केला तर सीट सुमारे २० मिमीच खाली येते. पुढून आणि मागून दोन्हीकडे ३० मिमी खाली केलं, तरच सीट पूर्ण ३० मिमी खाली येते.

दुसरी गोष्ट हँडलची. दोन चाकांत १,४०० मिमी अंतर असलेल्या बाइकचा मागचा भाग ३० मिमी खाली गेला की सगळी बाइक साधारण सव्वा अंशाने मागे कलते. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, तेवढाच जास्त आडवा होतो. फोर्कच्या रेषेने जमिनीला गाठलेला बिंदू आणि टायर टेकतो तो बिंदू, यांतलं अंतर सुमारे ७ मिमीने वाढतं. हँडल जड आणि संथ होतं, वळणात बाइक बाहेर जाऊ पाहते. उलट फक्त पुढून खाली केलं तर हँडल चपळ होतं आणि वेगात अस्थिर वाटतं, तो प्रकार जास्त धोक्याचा. म्हणून पुढचं आणि मागचं जोडीने, जवळपास सारखं खाली करायचं.

मागच्या बाजूला, एकच शॉकअब आणि लिंकेज (शॉकअबला मागच्या चाकाच्या दांड्याशी जोडणारे दुवे) असलेल्या बहुतेक बाइकमध्ये लांब दुवे बसवून चाक वर येऊ देतात. दुव्याची लांबी थोडीच बदलली तरी चाकापाशी फरक कितीतरी जास्त पडतो. म्हणून ते तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेले हवेत, पट्टी कापून भोकं पाडलेले नकोत. काम करताना बाइक फ्रेमवर टेकलेली असावी आणि मागचं चाक तोललेलं, म्हणजे दुव्यावर ताण राहत नाही. बोल्ट टॉर्क रेंचनेच, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे आवळा. दोन शॉकअबच्या बाइकला कमी लांबीचे शॉकअब मिळतात, ते तुमच्या वजनाला योग्य स्प्रिंगचे घ्या.

पुढच्या बाजूला फोर्कच्या नळ्या वरच्या आणि खालच्या क्लॅम्पमधून थोड्या वर सरकवतात. पुढचं चाक अधांतरी धरून, एका वेळी एकाच बाजूचे बोल्ट सैल करा. आधी नळीवर खूण करा, सरकवा, आवळा, मग दुसरी बाजू. दोन्ही नळ्या क्लॅम्पच्या वर अगदी सारख्या निघाल्या पाहिजेत, वर्निअरने मोजा. साधारण १० ते १५ मिमीच्या पुढे जाताना फार सावध राहा. फोर्क पूर्ण दबल्यावर मडगार्ड खालच्या क्लॅम्पला किंवा रेडिएटरला लागता कामा नये, आणि नळ्यांची टोकं हँडलला अडता कामा नयेत.

मागच्या टायरचंही तेच. लांब दुव्यांनी शॉकअबची हालचाल कमी होत नाही, चाक मात्र आता आधीपेक्षा वर जाऊ शकतं. मडगार्डच्या आत, टायरच्या बरोबर वर, मळलेल्या मऊ मातीचा गोळा चिकटवा. पूर्ण वजनासह, हळू वेगात काही उंचवट्यांवरून जाऊन या. गोळ्यावर टायरचा ठसा उमटला तर एवढं खाली जाणं तुमच्या बाइकला झेपणारं नाही.

याहून चांगला पण खर्चिक मार्ग म्हणजे फोर्क आणि शॉकअब उघडून आत स्पेसर बसवून त्यांची एकूण हालचालच कमी करणं. त्यात चाकं कुठे आदळत नाहीत आणि दुव्यांचं गणितही बिघडत नाही. ते सस्पेन्शनच्या तज्ज्ञाकडेच द्या. अनेक मागच्या शॉकअबमध्ये दाबाखाली वायू भरलेला असतो. तो घरी उघडणं जिवावर बेतू शकतं.

खाली केल्यावर जे बदलतं

साइड स्टँड सगळ्यात आधी बघा. बाइक खाली आली की जुना स्टँड तिच्यासाठी लांब होतो, ती जवळजवळ सरळ उभी राहते आणि वाऱ्याच्या धक्क्याने दुसऱ्या अंगावर पडू शकते. स्टँड किती कमी करायचा याची सोपी युक्ती आहे. बदल करण्याआधीच स्टँडवर उभ्या बाइकचा कल मोबाइलमधल्या लेव्हलने मोजून ठेवा. नंतर दोन्ही चाकांखाली सारख्या जाडीच्या फळ्या सरकवत जा, स्टँड जमिनीवरच राहू द्या. जुना कल परत आला की फळीची जाडी म्हणजे साधारण तुम्हाला कापायची लांबी. कापून वेल्ड करायचं तर स्टँड बाइकवरून काढूनच करा. मेन स्टँड असेल तर तोही आता चढवायला जड जाईल.

चेनचा सैलपणा पुन्हा मोजा. इंजिनचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) खिळा आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत जास्त ताणली जाते. त्या स्थितीतही थोडी ढील राहिली पाहिजे. खाली केलेली बाइक आधीच या रेषेच्या जवळ असते, म्हणून स्टँडवर मोजायचा जुना आकडा आता जसाच्या तसा लागू पडत नाही.

हेडलाइट तपासा. मागचा भाग खाली गेला असेल तर झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत पडतो. ब्रेकच्या नळ्या आणि एबीएसची वायर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे ताणत किंवा चिमटत नाहीत ना, हे बघा. फूटरेस्ट वळणात आता लवकर घासतील आणि सायलेन्सर किंवा इंजिनचं बूड गतिरोधकावर लागू शकतं, तेव्हा वेग त्या बेताने ठेवा. टायर आकाराने लहान घालून उंची कमी करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. स्पीडोमीटर चुकतो, भार पेलण्याची क्षमता बदलते आणि मिळतात जेमतेम काही मिलिमीटर. सस्पेन्शनमधल्या बदलांबद्दल तुमच्याकडचे वाहनाचे नियम, विमा आणि वॉरंटी काय म्हणतात, हे काम करण्याआधीच लेखी विचारून घ्या.

थांबण्याचा सराव

हे सगळं चालू असतानाच, किंबहुना त्याआधीच, मोकळ्या मैदानात सराव सुरू करा. थांबताना हँडल सरळ हवं, नजर समोर, पायाकडे नको. शेवटच्या क्षणी पुढचा ब्रेक दाबला आणि हँडल वळलेलं असलं की बाइक त्या बाजूला कोसळते, आणि आखूड पायांना ती धरणं जमत नाही. पाय खाली सोडण्याआधी कमरेतून जरासं डावीकडे सरका, पाऊल लगेच खोल जातं. हे इतकं अंगवळणी पडू द्या की विचार करावा लागणार नाही.

कुठे थांबायचं हेही निवडायला शिका. रस्ता मध्याकडून कडेला उतरता असतो, म्हणजे मध्याकडच्या बाजूला जमीन पायाच्या जवळ असते आणि कडेकडच्या बाजूला लांब. पाय टेकवायच्या जागी खड्डा, खडी किंवा सांडलेलं तेल नाही ना, हे थांबण्याच्या थोडं आधीच हेरा. पार्किंगमध्ये बाइक मागे ढकलायची वेळ येणार असेल तर बसून चवड्यांनी रेटू नका. उतरा, बाइक कमरेला टेकवा आणि चालत मागे घ्या. त्याहून बरं म्हणजे तोंड चढाकडे करून लावा, निघताना ती आपसूक मागे येईल.

बदलानंतरची पहिली फेरी ओळखीच्या रस्त्यावर, एकट्याने, हळू वेगात करा. काहीशे किलोमीटर झाल्यावर दुव्यांचे, क्लॅम्पचे आणि स्टँडचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. काढलेले मूळ भाग, दुवे, स्प्रिंग, सीट, पिशवीत नाव लिहून ठेवा. मागे कुणाला घेऊन लांब जायचं असेल, किंवा बाइक विकायची असेल, तेव्हा ते लागतील.